हेझच्या रेकॉर्ड कारखान्यातल्या आठवणी : मदत हवी आहे

पश्चिम लंडनच्या हेझमध्ये ब्लिथ रोडवर ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे पुढे ईएमआय झालेल्या रेकॉर्ड कंपनीचा, कारखाना होता. पायाभरणी १९०७ साली गायिका नेली मेल्बा यांच्या हस्ते झाली. स्थानिक प्रदर्शनासाठी मी १९६० ते ७५ या काळातल्या कामगारांच्या आठवणी जमवतोय.

कंपनीतल्या संशोधकांबद्दल भरपूर मिळतं : ब्लमलाइनचं स्टीरिओ, हाउन्सफील्डचा सीटी स्कॅनर. साच्यात दाबून रेकॉर्ड बनवणाऱ्या (प्रेसिंग) आणि त्या पाकिटात भरणाऱ्या बायकांबद्दल मात्र जवळपास काही नाही, आणि मला नेमकं तेच हवंय!

अक्सब्रिज ग्रंथालयातला स्थानिक इतिहास विभाग पाहून झाला. जुने नकाशेही पाहिले. त्यांवरून इमारती कळतात, आतलं काम नाही. जनगणनेच्या नोंदी सुचवू नका, या काळातल्या अजून खुल्या नाहीत. कामाच्या दिवशी मला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे शनिवारी किंवा फोनवर बोलता येईल असंच काही सांगा. नाव छापायचं की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवायचं.

तुमच्या ओळखीत तिथे काम केलेलं, शक्यतो प्रेसिंग किंवा पॅकिंगमधलं, कुणी आहे का? पगाराची चिठ्ठी, गेटपास, कँटीनमधला फोटो असं काही कुणाच्या घरी असेल का?