पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक: वीस हजारांत होतंय, मग अडलंय कुठे?

कॉलमगिअर (धागाकर्ता)

वडिलांची १९७६ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. इंजिन १०८९ सीसी, ब्रेक चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबून थांबवणारे. मे महिन्यात चौघं जण डिकीभर सामान घेऊन पसरणी घाट उतरत होतो. पाच-सहा वळणं झाल्यावर पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. वाई जवळ आल्यावर तर थेट फ्लोअरला टेकलं. तीन-चारदा पंप करून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. चाकांतून जळका वास. मागच्या सीटवर आई रामरक्षा म्हणत होती, ती संपेपर्यंत कोणी उतरलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ब्रेक जसेच्या तसे!

तेव्हाच ठरवलं, पुढे डिस्क लावायची, म्हणजे फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटणारा ब्रेक. हिशोब असा: मारुती ८००चे जुने कॅलिपर (पॅड दाबणारे चिमटे) भंगारातून, डिस्क आणि पॅड नवे, मिळून साडेसात हजार. ब्रॅकेट आणि लेथचं काम पाच हजार. पाइप, होज, ब्रेक ऑइल, मजुरी धरून वीसच्या आत. ८००ची चाकं १२ इंची आणि पद्मिनीची १४ इंची, त्यामुळे कॅलिपर रिममध्ये आरामात बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी शोकेसमध्ये ठेवायची नसेल तर १९६०च्या दशकातल्या ब्रेकवर २०२०च्या दशकातल्या ट्रॅफिकमध्ये फिरणं हा हट्ट आहे. कोणाला पटत नसेल तर का ते सांगा.

डुक्करवाला

पटत नाही. माझी त्याहून जुनी 'डुक्कर फियाट' आहे, तिलाही ड्रमच आहेत आणि त्याच घाटातून मी वर्षातून चारदा जातो.

आधी एक सांगा. पेडल कडक राहून गाडी थांबत नव्हती, की पेडलच मऊ होऊन खाली जात होतं? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात लायनर (शूवरचा घासणारा थर) तापून पकड सोडतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते, आणि पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं तेल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४०ला. तुमचं तेल शेवटचं कधी बदललं?

आणि घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलात तेही सांगा.

कॉलमगिअर

पेडल मऊच होतं. तेल... गाडी ताब्यात आल्यापासून फक्त टॉपअप केलंय, म्हणजे सहा वर्षं. गिअर बराच वेळ टॉप. हसू नका. पण ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं, हेही खरं ना? डिस्कला ही भानगडच नाही.

डुक्करवाला

हसत नाही, चिडतोय. ड्रम फुगतो हे खरं, पण पेडल फ्लोअरला टेकायला तेवढं पुरत नाही. पाचगणी ते वाई उतार पावणेसहाशे मीटरचा. चौघं आणि सामान धरून तुमची गाडी १२०० किलोची. गणित करून बघा: हा घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे ८०च्या वेगावरून बावीस-तेवीस वेळा गाडी पूर्ण उभी करणं, मध्ये गार व्हायला वेळ न देता. ते काम दुसऱ्या गिअरचं, म्हणजे इंजिनच्या ओढीचं आहे. उकळलेल्या तेलावर डिस्क लावलीत तर तीही तुम्हाला वाईच्या बाजारात घेऊन जाईल.

उद्यमनगर_लेथ

कोल्हापुरातनं लिहितोय, आमचं टर्निंगचं काम हाय. असली चार-पाच कामं केल्यात मी, म्हणून सांगतो. काम हुतंय. पर लोक पैसे नको तिथं वाचवत्यात.

ब्रॅकेट १२ एमएमच्या प्लेटीतनं कापायचं, शूची बॅकप्लेट जिथं बसते त्याच भोकांवर. वेल्डिंगचं तुकडं जोडून केलेलं ब्रॅकेट माझ्याकडं आणू नका, मी हात लावत नाही. बोल्ट हाय टेन्साइल. डिस्क हबच्या आणि चाकाच्या मधी येत असंल तर चाकाचं बोल्ट तेवढंच लांब पायजेत. एकानं जुनंच बोल्ट चार आट्यांवर आवळलं हुतं! आणि डिस्क हबवर बसवल्यावर डायल लावून बघायची. फिरताना डुलत असंल तर पेडल थरथरणार, मग म्हणायचं नाही कोल्हापूरचं काम वाईट.

ताडदेव२००३

मी डिस्कच्या बाजूने. वडिलांची काळी-पिवळी पद्मिनी होती. मुंबईतली शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, त्याच्या बऱ्याच आधी आमची गेली. घाट सोडा, जुलैत दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढून बघा. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिल्या ब्रेकला काहीच होत नाही, दुसऱ्याला एकच चाक पकडतं आणि गाडी डिव्हायडरकडे ओढते. बाबा पाण्यातून बाहेर आले की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून पन्नास-शंभर मीटर तशीच चालवायचे, लायनर सुकवायला. डिस्कवरचं पाणी फिरता फिरता उडतं, उरलेलं पॅड पुसून काढतो. ज्यांनी पावसाळ्यात रोज बारा तास गाडी चालवलेली नाही त्यांनी ड्रमचं कौतुक करावं.

डुक्करवाला

ताडदेव, पाण्याचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण धागाकर्ते गाडी पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवतात, हे त्यांच्याच जुन्या धाग्यात आहे. :)

'डिस्क म्हणजे गाडी लवकर थांबते' हा गैरसमजही काढा. तुमचे ड्रम आज चाक जाम करू शकत असतील तर एका ब्रेकमध्ये अंतर ठरवणार टायर. डिस्कचा फायदा पाचव्या, दहाव्या ब्रेकला.

मास्टर_सिलिंडर

दोघेही कॅलिपर आणि लायनरवर भांडताय, म्हणून या आयडीचं कर्तव्य बजावतो.

१. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आत खेचला जातो, पायाला फुकट मदत. डिस्कमध्ये ती नाही. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पेडल दगडासारखं लागू शकतं.

२. ड्रममधले शू ढकलणाऱ्या १ इंची व्हील सिलिंडरच्या तुलनेत ४८ मिमीच्या कॅलिपर पिस्टनचं क्षेत्रफळ साडेतीन पट आहे. जुन्या मास्टरने (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर) तेवढं तेल ढकललं पाहिजे, नाहीतर अर्धं पेडल रिकामंच जातं. मास्टर मोठा घेतला की पेडल आणखी जड, म्हणजे पुन्हा बूस्टर.

३. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या लाइनला तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. लोक दोन-दोनदा कॅलिपर बदलतात आणि दोष असतो या दहा रुपयांच्या रबरात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: १९७६च्या पद्मिनीत ब्रेक ऑइलचं सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकं गेली. वीस हजारांत मी आधी टँडेम मास्टर बसवीन, म्हणजे पुढचं-मागचं वेगळं होईल. तुमच्या हिशोबात मास्टर कुठे दिसलाच नाही.

कॉलमगिअर

नव्हता धरलेला. मग मास्टर आणि बूस्टर धरून तीस होतात.

लेस्टरचा_मामा

इकडे इंग्लंडात मॉरिस मायनरला पुढे डिस्क लावणं अगदी सर्रास चालतं. किट मिळतात, क्लबातली म्हातारी मंडळीही नाक मुरडत नाहीत. माझ्या मायनरला लावून नऊ वर्षं झाली. तेव्हा 'मूळपण गेलं' हे रडगाणं मला कळत नाही. जुने ड्रम खोक्यात ठेवा, मुलगा विकेल तेव्हा परत लावेल.

डुक्करवाला

मामा, तिथे तयार किट असतं, इंजिनिअरने मोजमाप करून केलेलं. इथे साडेसहाशे किलोच्या गाडीचा भंगारातला कॅलिपर नऊशे किलोच्या गाडीला लावायचा आहे. मूळपणाबद्दल मी एक शब्दही बोललेलो नाही.

कागदोपत्री

आरटीओकडे कोणी वळलंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलंय. कॅलिपर रस्त्यात कोणी तपासत नाही, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाकाखाली डोकावतो.

दुसरी बाजूही सांगतो. २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी म्हटलंय, पण तिथे नाव आहे चासी, बॉडी शेल आणि इंजिनचं. ब्रेकचं नाही. १९७६ची गाडी २०२६मध्ये पन्नाशीची होते. फक्त एकदा व्हिंटेज नोंदणी घेतली की रोजच्या वापराला ती चालवता येत नाही, मग ट्रॅफिकचा मुद्दाच संपला.

ताडदेव२००३

म्हणजे कायद्याने सुरक्षित ब्रेक चूक आणि पावसात न लागणारे बरोबर. वा!

कॉलमगिअर

रविवारी पुढचे दोन्ही ड्रम उघडले. डावा व्हील सिलिंडर गळत होता, लायनर तेलात भिजलेला. उजव्या ड्रमला आतून बोट अडकेल एवढी कड आलेली. बाहेर काढलेलं ब्रेक ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं होतं. फोटो टाकणार होतो, लाज वाटली.

डिस्कबद्दल मत बदललेलं नाही. क्रम बदललाय. चारही व्हील सिलिंडर, होज, लायनर, ड्रम लेथवर साफ आणि डॉट ४, हे साडेसात हजारांत या महिन्यात. टँडेम मास्टर दिवाळीच्या आधी. मग एकदा पसरणी, दुसऱ्या गिअरमध्ये, आईला न घेता. तेव्हाही पेडल खाली गेलं तर डुक्करवाल्यांनी माझी माफी मागायची.

डुक्करवाला

मागेन. वाईत, मिसळीसकट.

उद्यमनगर_लेथ

ते समदं खरं. पर गेल्या हप्त्यात तुमीच फोनवर माप सांगितलंसा, ती ब्रॅकेटं कापून तयार हायत. तेवढं पैसं पाठवा.