अनइन्स्टॉल केलं, पण मागे काय काय उरलं? तुमचे अनुभव लिहा

विंडोजमध्ये आपण 'अनइन्स्टॉल' दाबतो तेव्हा बहुतेक प्रोग्रॅम्सच्या बाबतीत विंडोज फक्त त्यांनीच नोंदवून ठेवलेला अनइन्स्टॉलर चालवतं. म्हणजे काय काढायचं नि काय ठेवायचं, हे ज्याने टाकलं तोच ठरवणार. आपल्या सेटिंग्ज ठेवल्या तर एक वेळ समजू शकतं, पुन्हा टाकलं तर उपयोगी पडतात. पण पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस, ड्रायव्हर, ठरल्या वेळी आपोआप चालणारा शेड्यूल्ड टास्क मागे सोडून जायचं? मशीन आपलं आहे, त्यात काय चालावं हे आपण ठरवायला हवं. तुमच्याकडे काय उरलं होतं, कसं सापडलं आणि कसं काढलंत, ते जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपल्यावर काढला. त्यानंतर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काही केल्या सुरू होईना, कारण त्या अँटिव्हायरसची नोंद तशीच राहिली होती आणि विंडोजच्या मते संरक्षण अजून त्याच्याकडेच होतं. म्हणजे प्रत्यक्षात मशीन उघडं! शेवटी त्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल शोधून चालवलं, तेव्हा सुटले. हे टूल तयार आहे, तर ते काम अनइन्स्टॉलरमध्येच का करत नाहीत?

---

आईच्या कॉम्प्युटरवरून एक फुकटचं व्हीपीएन काढलं आणि इंटरनेट बंद. वायफाय जोडलेलं दिसतंय, फोनवर सगळं व्यवस्थित, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. राउटर बंद-चालू करून झाला, केबल लावून पाहिली. प्रॉक्सीच्या (म्हणजे ब्राउझरची मागणी मध्ये कुणामार्फत पाठवायची त्या) सेटिंगमध्ये गेलो तर तिथे १२७.०.०.१ हा पत्ता. म्हणजे ब्राउझर सगळी मागणी याच मशीनवरच्या, आता अस्तित्वातच नसलेल्या प्रोग्रॅमकडे पाठवत होता. प्रॉक्सी बंद केली, लगेच सुरू. आईला हे एकटीने कसं सापडलं असतं?

---

जुनी गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाही. सीडी बर्न करायचं सॉफ्टवेअर काढलं आणि सीडी ड्राइव्हच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १९. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीत मागे उरलेल्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी उडवल्या, तेव्हा ड्राइव्ह परत आला.

---

मॅकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ॲप ट्रॅशमध्ये ओढलं तरी लायब्ररीतल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट', 'लाँचएजंट्स' या फोल्डरांत बरंच राहतं. २०१९ मध्ये झूमचं प्रकरण उघड झालं होतं: ॲप काढलं तरी मॅकवर एक छोटा वेब सर्व्हर चालूच राहायचा आणि तो ॲप परत इन्स्टॉल करू शकायचा. ॲपलला अपडेट पाठवून तो काढावा लागला.

---

त्याआधीचं, २०१५ चं सुपरफिश प्रकरण आठवा, म्हणजे लेनोवोच्या लॅपटॉपबरोबरच येणारं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅम काढला तरी त्याचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा हे मशीन ज्यावरून ठरवतं ते) विंडोजमध्ये राहत होतं, आणि खरा धोका त्या सर्टिफिकेटचाच होता. माझ्या मते फोल्डर उरला तर जागा जाते, पण सर्टिफिकेट उरलं तर सुरक्षितता जाते. दोन्ही एका मापाने मोजू नका.

---

उबुंटू लिनक्सवर प्रोग्रॅम काढायच्या 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' या दोन आज्ञा वेगळ्या आहेत. पर्जने सिस्टिममधल्या कॉन्फिगरेशन फाइल्सही जातात, होम फोल्डरमधल्या मात्र राहतात. पण निदान हे आधीच सांगितलेलं असतं, तेवढं मला पुरतं.

---

माझ्याकडे लॉगिन केलं की दर वेळी 'मॉड्यूल सापडलं नाही' अशी खिडकी यायची. प्रोग्रॅम केव्हाच काढलेला, स्टार्टअपच्या यादीतही काही नाही. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे टूल चालवलं, तर ज्यांची फाइलच उरलेली नाही अशा नोंदी पिवळ्या रंगात समोर आल्या. माझी नोंद शेड्यूल्ड टास्कमध्ये होती. आधी नुसती टिक काढा, रीस्टार्ट करून सगळं नीट चालतंय ना बघा, मगच डिलीट करा.