प्रतिसाद: दिल्लीची स्वस्त पोलो जीटी, जळगाव-भुसावळ रोजच्यासाठी?

जळगाव-भुसावळ रोजच्या ये-जासाठी दिल्लीची स्वस्त सेकंड-हँड पोलो जीटी टीएसआय (फोक्सवॅगनची टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक) घ्यावी का, या प्रश्नावर 'डोळे झाकून घ्या' असं एकाने वर म्हटलंय. इंजिनाबद्दल दुमत नाही, १.२ लिटरमध्ये १०५ पीएस म्हणजे ओव्हरटेकला मजा आहे. पण गिअरबॉक्सबद्दल कोणीच बोललं नाही. तिचा ७ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच थंड ठेवायला तेल नसतं. हायवेवर काहीच त्रास नाही. त्रास आहे तो मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला जळगावच्या अजिंठा चौफुलीवर इंचाइंचाने सरकण्यात, किंवा एखाद्या घाटात ट्रकमागे चढावर रांगण्यात. म्हणून ट्रायल सकाळी घेऊच नका. मी कुणासोबत गाडी बघायला गेलो तर भर दुपारी, एसी लावून, आधी अर्धा तास गर्दीत फिरवायला लावतो. विकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, होऊ द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के किंवा थरथर जाणवली की सरळ नमस्कार. ऑटोमॅटिकच हवी असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय बघा, तिला टॉर्क कन्व्हर्टर (ड्राय क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) आहे.

आणि दिल्लीचा भाव बघून हुरळू नका. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणून एमएच-१९, म्हणजे जळगावचा नंबर करताना इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण तिथला परतावा मिळवायला वेगळे हेलपाटे. त्यापेक्षा नाशिक-पुण्याची गाडी थोडी महाग पडली तरी परवडते.