घरच्या गॅरेजमध्ये ठेंगणी स्पोर्ट्स कार सुरक्षितपणे कशी उचलावी? सल्ला हवा (लातूर)

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुसऱ्या पिढीतील, जुनी घेतलेली ऑडी टीटी आहे. ऑइल बदलणे, ब्रेक पॅड आणि खालचे सैल झालेले प्लास्टिकचे आच्छादन बसवणे एवढी कामे मला घरीच करायची आहेत. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून गाडी आणखी खाली बसवल्यामुळे दाराखालच्या कडेपासून जमीन जेमतेम ११० मिलिमीटर राहते, आणि घरातला जुना ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही १४० मिलिमीटर उंच असल्याने तो आतच जात नाही. गॅरेज अकरा फूट रुंद असून स्लॅब दहा फुटांवर आहे. खाली शहाबादी फरशी आहे आणि फाटकाकडे थोडा उतार आहे. खर्चाची तयारी चाळीस हजारांपर्यंत आहे. कोणता जॅक घ्यावा, उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड कुठे लावावेत, आणि दोन खांबांची लिफ्ट अशा जागेत बसेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

लिफ्टचा विचार सोडून द्या. दोन खांबांच्या लिफ्टला साधारणपणे अकरा-बारा फूट उंची आणि बोल्ट धरतील असे जाड, सलग काँक्रीट लागते. तुमच्याकडे दोन्ही नाही.

जॅकच्या आधी जमिनीबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे खरा धोका तिथेच आहे. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरमाचा भराव नीट धुमसलेला नसेल, तर दोन-चार वर्षांत फरशीखाली पोकळी तयार होते आणि वरून मात्र काहीच दिसत नाही. टीटीचे वजन १,४०० किलोंच्या आसपास असते. चारही चाकांवर उभी असताना हे वजन टायरच्या रुंद पृष्ठभागावर पसरते, पण स्टँडवर चढवली की तेच वजन पायांच्या बोटभर रुंदीच्या कडांवर येते. पोकळ फरशी अशा वेळी कोणतीही पूर्वसूचना न देता तडकते, आणि एक पाय इंचभर खाली गेला तरी स्टँड कलतो.

म्हणून हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी वाजवून पाहा आणि जी बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा. फुल्या जास्त निघाल्या तर गाडीच्या लांबी-रुंदीपुरती फरशी काढून, भराव पुन्हा धुमसून, वर पाच-सहा इंच जाडीचे जाळी टाकलेले सलग काँक्रीट करून घ्या. गवंड्याला लेव्हलची नळी लावूनच काम करायला सांगा, कारण धुण्याच्या पाण्यासाठी उतार ठेवण्याची त्याची सवय सुटत नाही. तुमच्या चाळीस हजारांतला मोठा वाटा इथे गेला तरी हरकत नाही. फाटकाबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर किंवा मे महिन्यात मऊ पडलेल्या डांबरावर स्टँड लावण्याचा विचारही करू नका.

सिंदफणा, बीड

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गॅरेजमध्ये चार फूट खोल खड्डा खणून घ्यावा, असे मला वाटते. जुन्या गॅरेजमध्ये सगळी कामे खड्ड्यातूनच होत असत, आणि त्यात गाडी उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

खामकाठ

घरासाठी ही सूचना योग्य नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्याच्या तळाशी साचते आणि साध्या हॅलोजन दिव्याच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. शिवाय काळ्या मातीत भक्कम भिंती न बांधता खणलेला खड्डा पहिल्याच पावसात ढासळू लागतो. आणि ब्रेक पॅड बदलायला चाक काढावेच लागते, म्हणजे गाडी उचलण्यातून सुटका नाहीच.

मांजराकाठ

मनःपूर्वक आभार. फरशी वाजवून पाहिली; मधला भाग ठीक आहे, पण उजव्या भिंतीकडची जवळजवळ सगळी रांग पोकळ निघाली. तिथे काँक्रीट करून घेईन. आता पुढची अडचण अशी, की दाराखालच्या कडेवर जिथे जॅक लावायची खूण आहे, तिथेच स्टँडही लावायचा असतो. जॅकने जागा अडवल्यावर स्टँड लावायचा कुठे?

गोदाकाठ, नांदेड

हा प्रश्न प्रत्येक ठेंगण्या गाडीच्या मालकाला पडतो. आधी जॅक पाहू. खाली असताना ७५ ते ९० मिलिमीटर उंची असलेले लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक मिळतात. त्यांतला अडीच-तीन टनी घ्यावा. गाडी दीड टनाचीही नाही, पण मोठ्या जॅकची बैठक रुंद असते. नवा जॅक घ्यायचा नसेल तर ४० मिलिमीटर जाडीच्या, किमान ३०० मिलिमीटर रुंद आणि टोके तिरपी तासलेल्या फळ्यांवर गाडी हळूच चढवावी. दाराखालची जागा ११० वरून १५० मिलिमीटर होते आणि तुमचा जुना जॅक आत जातो. फळ्या सॉ मिलमधून अखंड लाकडाच्या घ्याव्यात. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक आणि दगड मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. लाकूड दबण्यापूर्वी करकरते. ब्लॉकचा मात्र एका क्षणात भुगा होतो.

आता तुमचा प्रश्न. जॅक पुढच्या सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन-सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या खालच्या लोखंडी चौकटीच्या, जाड, बोल्टने घट्ट बसवलेल्या भागावर लावता येतो आणि दाराखालच्या खुणेची जागा स्टँडसाठी मोकळी राहते. पण हा भाग नेमका कोणता, हे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय जॅकला हात लावू नका. ऑइलचे पात्र, सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शनचे आर्म आणि प्लास्टिकचे आच्छादन यांवर जॅक कधीच येता कामा नये. दुसरा मार्ग म्हणजे आडव्या दांड्याचे स्टँड. यात दांडा गाडीच्या खुणेखाली धरून त्याच दांड्याखालून जॅकने उचलतात आणि पुरेसे वर गेल्यावर दोन्ही बाजूंना पाय जोडून पिना घालतात. ते महाग पडतात म्हणून एमआयडीसीतल्या वेल्डरकडून तसेच करून घेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण भार देऊन न तपासलेल्या वेल्डिंगखाली झोपण्यात शहाणपणा नाही.

साधे स्टँड घेणार असाल तर आरपार पिनवाले घ्या. दातेरी दांड्याच्या स्टँडमध्ये खटका दातात अर्धवट बसण्याची शक्यता राहते. अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने २०२० मध्ये असेच तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवले होते. डब्यावरचा टनांचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, हेही वाचून घ्या. दाराखालच्या पत्र्याची उभी शिवण चेपू नये म्हणून मध्ये खाच कापलेले इंचभर जाड रबर ठेवतात. साखर कारखान्यातून निघालेल्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे एकावर एक चिकटवून ते उत्तम होते, आणि लातूरला असा पट्टा मिळायला अडचण येऊ नये.

उचलताना जॅकची भुजा चापाच्या आकारात वर जाते, त्यामुळे जॅकला स्वतः थोडे सरकावे लागते. त्याची लोखंडी चाके फरशीच्या सांध्यात अडकली तर जॅकऐवजी गाडी ओढली जाते आणि आधी लावलेले स्टँड तिरपे होतात. नवे काँक्रीट गुळगुळीत घोटून घ्या, म्हणजे ही अडचण राहणार नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर मारणे अनिवार्य आहे.

जालना रोड, छत्रपती संभाजीनगर

खर्चाची मर्यादा पुढे वाढवता आली तर क्विकजॅकसारख्या सुट्या हायड्रॉलिक चौकटींचाही विचार करावा. दुमडलेल्या असताना त्या साधारण तीन इंच उंच असतात, दोन्ही बाजूंनी गाडीखाली सरकवता येतात आणि संपूर्ण गाडी एकदम उचलतात. वर गेल्यावर वजन तेलावर नव्हे, तर लोखंडी अडण्यांवर टेकवायचे असते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी गाडी जागची हलत नाही. मात्र त्या अडण्या सोडवण्यासाठी गाडी आधी किंचित वर घ्यावी लागते आणि त्याला वीज लागतेच, तेव्हा आपल्याकडचे भारनियमन लक्षात घेऊन काम सकाळीच सुरू करावे.

मांजराकाठ

सध्या काँक्रीट, लो-प्रोफाइल जॅक आणि पिनवाले चार स्टँड एवढेच घेण्याचे ठरवले आहे. गाडी स्टँडवर बसल्यानंतर जॅक काढून घ्यावा की तसाच ठेवावा?

गोदाकाठ

काढू नका. पूर्ण वजन स्टँडवर आल्यावर जॅक ज्या भागाला लावला होता त्याच्या केसभर खाली, पण तिथेच असू द्या, आणि काढलेले चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवा. त्यानंतर गाडीखाली जाण्यापूर्वी बाहेर उभे राहून गाडीला खांद्याने चांगला रेटा द्या. ती हलली तर पुन्हा खाली घेऊन सुरुवातीपासून बसवा. चाकांचे बोल्ट उचलण्यापूर्वी जमिनीवरच सैल करा, आणि शेवटचे आवळणेही गाडी खाली आल्यावर फुलीच्या क्रमाने, म्हणजे एका बोल्टनंतर त्याच्या समोरचा असे, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) करा. टीटीसाठी हा जोर १२० न्यूटन मीटर आहे.