रंगीत कोब्याला सीलर मारताना चकाकी किती ठेवावी?

प्रश्न
नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराला आणि पडवीला रेड ऑक्साइडचा, म्हणजे लाल रंग मिसळलेल्या सिमेंटचा, नवा कोबा करून महिना झाला. गवंड्याने तो मनापासून घोटला आहे. उंबऱ्यापाशी मात्र थापीच्या गोल खुणा राहिल्या असून संध्याकाळचे तिरपे ऊन आले की त्या उठून दिसतात. आता सीलर, म्हणजे वरून द्यायचा पारदर्शक संरक्षक थर, मारायचा आहे. घरच्यांना जमीन आरशासारखी हवी आहे, तर मला आजीच्या वेळची, पायांच्या वावराने तुकतुकीत झालेली जमीन आठवते. मॅट (बिनचकाकीचा), सॅटिन (मध्यम चकाकीचा) आणि ग्लॉस (पूर्ण चकाकीचा) यांपैकी काय घ्यावे?

उत्तर १
निर्णय त्या खुणांवरच व्हावा, असे मला वाटते. ग्लॉस सीलर प्रकाश एकाच दिशेने परत फेकतो, त्यामुळे जिथे ऊन तिरपे येते तिथे थापीचा प्रत्येक फेर, प्रत्येक उंचवटा आणि पुढे खुर्ची ओढल्याचा प्रत्येक ओरखडा ठळक होतो. मॅट सीलर प्रकाश विखरून टाकतो आणि हे सारे झाकतो, पण त्याखाली लाल रंग किंचित फिका वाटतो; ग्लॉसखाली तोच रंग ओल्या जमिनीसारखा गडद दिसतो. म्हणून माजघराला सॅटिन आणि पडवीला मॅट घ्यावे. मात्र मॅट म्हणजे न घसरणारे, असे समजू नये. पावसात पडवीत ओले पाय येणारच, तेव्हा तिथे शेवटच्या हातात घसरण रोखणारी पूड अवश्य मिसळावी.

उत्तर २
चकाकी ठरवण्याआधी ओल तपासा, ही कळकळीची विनंती. २८ दिवसांत सिमेंटला ताकद येते, पण आतली ओल जायला त्याहून बराच अधिक काळ लागू शकतो. आम्ही जुलैत घाईने ग्लॉस मारला आणि आठवड्याभरात जमिनीवर पांढुरके ढग उमटले. शेवटी सगळा थर खरवडावा लागला. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, निदान १६ तास ठेवावा. खाली दव जमले किंवा कोबा काळवंडला, तर थांबावे.

मशीनने पॉलिश करून चकाकी आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मानू नका. रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. दगड फिरला की खालचे करडे सिमेंट उघडे पडते.

उत्तर ३
दोन्ही उत्तरांशी सहमत. मॅट आणि सॅटिनच्या डब्यात चकाकी कमी करणारी बारीक पूड तळाशी बसते, म्हणून काम चालू असतानाही डबा ढवळत राहावे, नाहीतर जमिनीवर पट्टे दिसतात. घरच्यांच्या मतासाठी उंबऱ्यापाशीच दोन-दोन फुटांचे नमुने करून ते संध्याकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली दाखवावेत. चकाकी शेवटच्या हातावर ठरते. त्यामुळे ग्लॉस नकोसा झालाच, तर हलका पॉलिशपेपर मारून त्याच जातीच्या सॅटिनचा एक हात देता येतो.