एम.टू एसएसडी लावल्यापासून हार्ड डिस्क गायब, लॅनही मंद

प्रश्न: नवी एम.टू एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टीसारखी डिस्क) बसवली आणि ४ टीबीची साटा (केबलने जोडलेली) हार्ड डिस्क बायोसमध्येच, म्हणजे विंडोजआधीच्या सेटिंग स्क्रीनवरच, दिसेनाशी झाली. फिरण्याचा आवाज येतो. शिवाय दुसऱ्या पीसीवर फाइल कॉपी करताना सेकंदाला ११ एमबीच्या वर वेग जात नाही, राउटर गिगाबिट असूनही. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर १: नाही, दुखणी वेगळी आहेत. डिस्क फिरतेय म्हणजे पॉवर पोचतेय. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.टू स्लॉट आणि एखाददोन साटा पोर्ट सामायिक लेनवर (डेटाच्या वाटेवर) असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. मॅन्युअलमध्ये कुठले ते दिलेलं असतं. पीसी बंद करून डेटा केबल दुसऱ्या पोर्टात लावा. नंतर विंडोजने ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने मांडू का) विचारलं तर होकार देऊ नका.

उत्तर २: ११ एमबी म्हणजे लिंक (नेटवर्क केबलवरची जोडणी) १०० मेगाबिटवर अडकलीय. त्याला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. केबलमधल्या ४, ५, ७, ८ क्रमांकांपैकी एक तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचली नसली तरी नेट चालू राहतं, म्हणून केबलवर संशयच येत नाही. दोन्ही पीसींचा लिंक स्पीड बघा; जिथे १०० दिसेल तिथली केबल बदला. तरीही तेच, तर नेटवर्क ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवर आहे ना बघा.

उत्तर ३: डिस्क दिसली की स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) तपासा. सीआरसी एरर (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असतील तर बहुधा साटा केबल खराब. जुना आकडा खाली येत नसतो. पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर आधी बॅकअप, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नंतर.