मदत हवी आहे: संडे स्कूल आणि व्हीबीएससाठी बालसुरक्षेचे नियम, आणि एक तातडीचा प्रश्न (इंदूर)

इंदूरची_शिक्षिका

सलाम.

इंदूरच्या एका छोट्या मंडळीत (चर्चमध्ये) मी संडे स्कूल घेते. उपासना हिंदीत होते, पण पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, अजून निम्मे लोक मराठी आहेत. आजोबा-पणजोबांच्या काळात नगर-जालन्याकडून इकडे आलेली घरं. मे महिन्यात व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतलं बायबल शिबिर) आहे. आठवडाभर रोज सकाळी मुलं येतील, त्यातली बरीचशी शेजारच्या वस्तीतली. त्यांच्या आईवडिलांना आम्ही फक्त गेटवर बघतो. यंदा त्याआधी मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम करावेत असं मी कमिटीपुढे मांडलं, आणि मसुदा करायचं माझ्याकडेच आलं.

बाकीच्या नियमांना कुणी फार हरकत घेतली नाही. कमिटीला खुपतंय ते एकच वाक्य: "मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ज्याला सांगितलं त्याने त्याच दिवशी पोलिसांना कळवावं. पाळकांच्या किंवा कमिटीच्या परवानगीसाठी थांबू नये." वडीलधारे म्हणतात, आधी पाळकसाहेबांना सांगा. ते दोन्ही घरांना बोलावतील, प्रार्थना होईल, मग काय ते ठरवू. त्यासाठी बायबलमधला मत्तय १८ काढून दाखवतात, भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग म्हणून. मला ते पटत नाही. ते वचन दोन मोठ्या माणसांमधल्या भांडणासाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाने ज्याला तो घाबरतो त्याच्यासमोर एकांतात बसायचं? आणि त्याच अध्यायात सहावं वचन आहे, लहानांतल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं. तेही मी त्याच बैठकीत वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसरी भीती खरी आहे, तिला मी उडवून लावत नाही. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्म स्वातंत्र्य कायदा (धर्मांतरावर निर्बंध घालणारा) आल्यापासून चर्चच्या गेटवर पोलिसांची गाडी थांबली की गल्लीभर वेगळीच चर्चा सुरू होते. लोक म्हणतात, "आपणच आपल्या हाताने पोलीस आत आणायचे का?" याला नेमकं काय उत्तर द्यावं?

आता तातडीचं. तपशील मुद्दाम देत नाही, मूल ओळखू येईल असं काही लिहायचं नाही. आमच्याकडे मदतीला येणारा एक तरुण आहे. गिटार छान वाजवतो, मुलं "भैया, भैया" करत मागे असतात. कमिटीतही सगळ्यांचा लाडका. तो एकाच मुलाला बाईकवर घरी सोडतो, मोबाइलला रिचार्ज मारून देतो, रात्री उशिरा मेसेज करतो. त्यातला एक मेसेज मुलाच्या आईने मला दाखवला. त्यात शेवटी होतं, "मम्मी को मत बताना". मजकुरात घाण काही नव्हतं. आईला वाटतं, बिचारा जीव लावतो. मला रात्री झोप लागली नाही.

आणि एक खोली आहे. वेदीच्या मागच्या बाजूला, जिथे हार्मोनियम, ख्रिसमसचा तारा, जुन्या सतरंज्या ठेवतो ती. खिडकी नाही. दाराला आतून कडी आहे. वर्ग चालू असताना मुलांना सामान आणायला तिथे पाठवलं जातं आणि सोबत कुणीतरी मोठं जातं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

तर, कायदा नेमकं काय सांगतो? पुरावा नसताना त्या तरुणाचं काय करायचं? आणि शिक्षक मोजकेच असताना "दोन मोठी माणसं हवीतच" हा मसुद्यातला नियम पाळायचा कसा?

ग्वाल्हेरचा_वकील

ताई, तुमचं ते वाक्य मसुद्यातून अजिबात काढू नका. तो कायदाच आहे. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच. गुन्हा घडेल अशी धास्ती वाटली तरी कळवायचं, असंही त्याच कलमात आहे. "आधी संस्थाप्रमुखांना" असं त्यात कुठेही नाही. पाळक, पुरोहित, मंडळीतले वडीलधारे यांना वेगळी सूट लिहिलेली नाही.

कलम २१ तर कमिटीला छापून द्या. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे "आधी पाळकसाहेबांना सांगा" म्हणणारे लोक सगळा धोका पाळकसाहेबांच्याच डोक्यावर ठेवतायत, हे त्यांना समजावून सांगा. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, कलम १९ चं पोटकलम ७.

धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचाऱ्याने तिथल्याच मुलावर गुन्हा केला तर कायदा तो अधिक गंभीर धरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या स्वरूपाच्या अशा गुन्ह्याला किमान वीस वर्षं आहेत.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची आहे आणि बालसंरक्षण धोरण स्वीकारायचं आहे. तेव्हा "ही नवीन फॅशन कुठून आली" असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

पोलीस गेटवर येण्याबद्दल: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, कलम २४. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव-गाव-शाळा छापायला बंदी आहे. ही प्रक्रिया नीट मागून घेतली तर गल्लीत तमाशा होत नाही. तमाशा होतो तो प्रकरण दाबून ठेवल्यावर बाहेर आलं की. आणि मग बातमी एका माणसाची राहत नाही, पूर्ण मंडळीची होते.

जुना_सभासद

मी दुसऱ्या एका शहरातल्या मंडळीत कमिटीवर होतो, म्हणून लिहितो. ताईंची कळकळ समजते. पण एक मेसेज आणि चार लिफ्टवरून एका पोराचं आयुष्य उठवू नका. आमच्याकडे जुन्या जमिनीच्या वादातून एकमेकांवर काय काय आरोप झालेत ते मी पाहिलंय. उद्या कुणी सूड म्हणून मुलाच्या तोंडून वदवून घेतलं तर? त्या तरुणालाही आईबाप आहेत.

फतेगंजकर

दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यासाठीच तर नियम लागतात. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणा एकावर बोट ठेवावं लागत नाही. मी वडोदऱ्याची, कॅथोलिक. आमच्याकडे २०१९ मध्ये पोपनी कायदा काढला की प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेणारी, लोकांना सहज पोचता येईल अशी व्यवस्था हवीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरचं 'पाँटिफिकल सीक्रेट'चं, म्हणजे चर्चच्या कडक गुप्ततेचं, बंधन उठलं. वरून हे सगळं आलं, तरी खाली आमच्या मुलांच्या कॅटेकिझम (धर्मशिक्षण) वर्गात फरक पडला तो साध्या गोष्टींनी. कुठलाही मोठा माणूस, फादरसुद्धा, एका मुलासोबत बंद दाराआड बसणार नाही. मुलांना मेसेज करायचा तर आईवडील असलेल्या ग्रुपवर. लिफ्ट द्यायची तर आईवडिलांना आधी कळवून, आणि एकट्या मुलाला नाही. भेटवस्तू द्यायची तर सगळ्या वर्गाला. हे मांडलं तेव्हा पहिली सही फादरनी केली, मग कुणाला वाईट वाटायला जागाच उरली नाही.

दाबून ठेवल्याने काय होतं ते केरळमधल्या कोट्टियूरच्या प्रकरणात सगळ्या देशाने पाहिलं. आमच्याच चर्चमधलं आहे, म्हणून जास्त लागतं. आरोपी धर्मगुरू होता. मुलगी अल्पवयीन होती, तिला मूल झालं, आणि सुरुवातीला तिच्या स्वतःच्या वडिलांनीच गुन्हा अंगावर घेतला होता. कोर्टात मुलगी आणि आईवडील फितूर झाले. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत थलश्शेरीच्या कोर्टाने त्या धर्मगुरूला वीस वर्षं दिली. पुढे हायकोर्टाने ती दहावर आणली. त्या घरावर केवढं ओझं असेल, की बापाने असं बोलावं! प्रकरण आधी "आतल्या आत" गेलं की हे ओझं मुलाच्याच घरावर येतं.

समुपदेशक_पुणे

शाळेत काम करते, म्हणून फक्त मुलाबद्दल लिहिते.

त्या मुलाला बसवून चौकशी करू नका. "भैयाने तुला हात लावला का?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. एक तर मूल घाबरून "नाही" म्हणतं, दुसरं म्हणजे उद्या कोर्टात म्हणतील की बाईंनी शिकवलं. तो आपण होऊन बोलला तर ऐका. "मग काय झालं?" एवढंच विचारा. मध्ये ओरडू नका, रडू नका. "मला सांगितलंस, बरं केलंस" म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. बोलणं झाल्यावर तारीख-वेळ घालून त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, हिंदीत बोलला असेल तर हिंदीतच.

आईला सांगा, मेसेज डिलीट करायचे नाहीत आणि कुठल्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरवायचे नाहीत. तिने त्या तरुणाला जाबही विचारू नये. सावध झालेला माणूस पहिल्यांदा मुलाला गप्प करतो.

भेटी, एकांत, आणि "घरी सांगू नको" या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी थांबत नाही. प्रत्येक वेळी वाईटच निघतं असं नाही. पण मुलाला आईपासून काही लपवायला शिकवणं हे स्वतःच थांबवण्यासारखं आहे, हेतू काहीही असो. १०९८ वर, मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. तक्रार नोंदवायची नसेल तरी सल्ला मागता येतो. जिल्ह्याची बालकल्याण समितीही आहे.

व्हीबीएसमध्ये मुलांना एक गोष्ट जरूर शिकवा: वाढदिवसाची गंमत काही दिवस लपवायची असते आणि मग सगळ्यांना कळते. जी गोष्ट कधीच कुणाला सांगायची नाही असं मोठा माणूस म्हणतो, ती लगेच सांगायची. लहान मुलांना हे लगेच कळतं. नुसतं "वाईट स्पर्श" शिकवून भागत नाही, कारण लाडीगोडीने सुरू होतं तेव्हा मुलाला ते वाईट वाटतच नाही.

आणि नियम फक्त मुलींसाठी करू नका, हा आग्रह कुठल्या ना कुठल्या कमिटीत होतोच. केंद्र सरकारचा २००७ चा बाल अत्याचारावरचा अभ्यास बघा. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते.

ग्वाल्हेरचा_वकील

जुना_सभासद यांच्यासाठी: जाणूनबुजून, द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्याला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, फक्त मुलाला नाही. आणि त्या तरुणाला मुलांच्या कामातून तूर्त बाजूला ठेवणं ही शिक्षा नव्हे. गिटार उपासनेत सगळ्यांसमोर वाजवू दे.

जुना_सभासद

हे मान्य. सगळ्यांना सारखा नियम असेल तर माझी हरकत नाही. आमच्याकडे शिक्षक कमी पडायचे तेव्हा आम्ही सगळे वर्ग एकाच हॉलमध्ये, चार कोपऱ्यांत घ्यायचो. गोंगाट होतो, पण कुणी कुणाच्या नजरेआड जात नाही. नवीन माणसाला निदान सहा महिने मंडळीत येऊ द्या, मगच मुलांजवळ. बाथरूमला मुलं जोडीने, आणि महिला संघातली एक बाई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून. आमच्या आज्यांना हे काम फार आवडलं असतं, कुणी कधी विचारलं नाही.

इंदूरची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल १०९८ वर बोलले. त्यांनी आईशी बोलायची तयारी दाखवली आहे, आई तयार झाली. पाळकसाहेबांना कलम २१ वाचून दाखवलं. ते बराच वेळ तो कागद हातात धरून बसले, मग म्हणाले, "ते वाक्य राहू द्या, खाली माझं नाव पहिलं घाला." त्या तरुणाला या रविवारपासून वर्गावर पाठवायचं नाही, हे त्यांनी स्वतः त्याला सांगितलं. कारण म्हणून नवा नियमच सांगितला, मुलाचं नाव कुठेही आलं नाही. वर्ग हॉलमध्ये आणतोय. सुतार येऊन त्या मागच्या खोलीची आतली कडी काढून गेला. दारात काच बसवायला तो परवा येईल.

कमिटीतले दोघं अजून नाराज आहेत, त्यांच्याशी बोलायचं बाकी आहे. मसुदा हिंदीत आहे, कारण वस्तीतल्या आईवडिलांनीही सही करायची आहे. वकीलदादा, आईवडिलांच्या संमतीपत्रात पोलिसांना कळवण्याचा उल्लेख आधीच करावा का, की त्यामुळे लोक घाबरून मुलं पाठवणार नाहीत? फॉर्म शनिवारी छापायला द्यायचे आहेत.

ग्वाल्हेरचा_वकील

करा. पहिल्याच पानावर, सोप्या हिंदीत, १०९८ आणि ११२ च्या नंबरांसह. व्यक्तिगत निरोपात मसुदा पाठवा, शुक्रवारपर्यंत बघून देतो.